घर क्रमांक चौदाची हरकत

पोस्टमन शेलार फाटकातच थांबला आणि पाकीट उलटसुलट करून बघायला लागला.

"उपासनी काका, हे काय आहे?"

"पत्र," मी म्हणालो.

"ते दिसतंय हो. पण पाठवणाऱ्याचा पत्ता बघा. घर क्रमांक नऊ, विद्यानंद कॉलनी. आणि घेणार तुम्ही, घर क्रमांक चौदा, विद्यानंद कॉलनी." त्याने मान वळवून रस्त्यापलीकडे पाहिलं. "हे त्या कोपऱ्यावरच्या डब्यात पडलं, मोठ्या पोस्टात गेलं, शिक्का खाल्ला आणि तीन दिवसांनी परत इथंच आलं. समोरून समोर! भांडण झालंय का?"

"नाही, नाही. भांडण कसलं."

"मग हाक मारावी की माणसानं."

तो सायकल वळवून निघाला. रस्ता ओलांडताना त्यालाही दोनदा थांबावं लागलं. मी पाकीट धरून व्हरांड्यात उभा होतो. पलीकडे नऊ नंबरच्या व्हरांड्यात तोडकर खुर्चीवर बसले होते. त्यांना सगळं दिसलं असणार. मी पाकीट थोडं वर केलं, मिळालं अशा अर्थाने. त्यांनी डावा हात वर केला.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्याला आता अकरा वर्षं होतील.

यशवंत तोडकर एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवली, एकही अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते सणावाराला शर्टाला लावत. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि लाल पेन्सिलीने चुका काढायच्या, हे माझं काम. आईच्या पश्चात घरात मी एकटाच. लग्न राहून गेलं. का राहून गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. बोलायची वेळ आली की योग्य शब्द मला दुसऱ्या दिवशी सुचतो.

तोडकर रोज चारला यायचे. फाटकाची कडी दोनदा वाजवायचे, कंडक्टर घंटी देतो तशी, आणि म्हणायचे, "डबल बेल! चला मास्तर, गाडी सोडा." मी मास्तर कधीच नव्हतो. पण त्यांच्या मते जो लाल पेन्सिल घेऊन दुसऱ्याच्या चुका काढतो, तो मास्तरच. मग सहापर्यंत ते बोलायचे. घाटातलं धुकं, बंद पडलेली गाडी, वाटेत बाळंत झालेली बाई, जत्रेच्या जादा गाड्या. मी ऐकायचो. माझं पुस्तक मांडीवर पालथं पडलेलं असायचं.

"मास्तर, तुम्ही हूं छान म्हणता," ते एकदा म्हणाले होते. "आमच्या वैजूला दोन वाक्यं झाली की कंटाळा येतो."

वैजू म्हणजे वैजयंती, त्यांची मुलगी. बँकेत होती. तीच त्यांना सांभाळायची.

मग नाक्यावर उड्डाणपुलाचं काम निघालं, आणि सिग्नल चुकवणाऱ्यांना आमच्या कॉलनीतला मधला रस्ता सापडला. आधी त्या रस्त्यावर मुलं विटांचा स्टंप लावून खेळायची आणि गाडी आली की खेळणाऱ्यांपेक्षा ड्रायव्हरच अवघडायचा. सहा महिन्यांत तिथे सकाळपासून रिक्षा, टेम्पो, शाळांच्या गाड्या आणि मोटारसायकलींची रांग लागली. सरळ रस्ता, ना वळण ना खड्डा. सगळे सुसाट.

त्याच वर्षी तोडकरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. चार महिन्यांनी ते वॉकर धरून उभे राहिले आणि पहिल्याच दिवशी चार वाजता आपल्या फाटकाबाहेर आले. त्यांना पलीकडून अलीकडे यायला अडतीस पावलं लागायची. मी मोजली होती. मी धावत जाऊन त्यांच्या बाजूला उभा राहिलो आणि गाड्या थांबाव्यात म्हणून हात वर केला. माझा हात खांद्यापर्यंतच जातो, लहानपणी वर्गातही तेवढाच जायचा.

"मास्तर," तोडकर म्हणाले, "हात वर करा की. टाटा कशाला करताय? त्यांना वाटतंय तुम्ही निरोप देताय."

वैजू मला म्हणाली होती, "काका, तुम्हीच या ना आमच्याकडे. बाबांना एवढा त्रास नको." मी येईन म्हणालो, आणि एकदा गेलोही. खुर्चीच्या कडेवर बसलो, चहा घेतला, कपबशी कुठे ठेवावी ते कळेना म्हणून हातातच धरून बसलो, आणि दहा मिनिटांत उठलो.

"असू दे वैजू," तोडकर म्हणाले. "मास्तर दुसऱ्याच्या घरात हूंसुद्धा म्हणत न्हाईत. आणि मी ड्रायव्हर माणूस. मी जाणार, लोकांनी माझ्याकडं यायचं म्हंजे मी डेपोत उभी केलेली गाडी."

तेव्हा ते येत राहिले. जेमतेम तीन आठवडे. एका गुरुवारी रस्त्याच्या मध्यावर असताना एक मोटारसायकल त्यांच्या वॉकरच्या पायाला घासून गेली. वॉकर वाकला, तोडकर खाली बसले. पडले नाहीत, सावकाश बसले, गाडी फलाटाला लावावी तसे. मोटारसायकलवाल्याने मागे वळून बघितलं.

"आजोबा, घरात बसा की!"

"बाळा," तोडकर रस्त्यावरूनच ओरडले, "लायसन कुठल्या जत्रंत घेतलंस?"

मी हसलो नाही. वैजू धावत आली, तिने आणि मी त्यांना उचललं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, आता पुरे. उद्यापासून फाटकाबाहेर पाऊल नाही. रस्त्यावर स्पीडब्रेकर बसू दे, मग खुशाल जा."

"आणि न्हाई बसला तर?"

"तर नाही."

तोडकरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या उजव्या डोळ्यातून झटक्यापासून आपोआप पाणी यायचं, त्यामुळे ते रडताहेत की नाही हे कळत नसे. "मास्तर, तुम्ही लिहा. तुमच्यासारखा अर्ज ह्या गावात कोण लिहिणार? आपल्या दोघांच्या फाटकामधी ब्रेकर पाहिजे. तो आला की मी आलो."

मी अर्ज लिहिला. तीनदा लिहिला. कॉलनीचे अध्यक्ष निकम यांनी घरोघर फिरून एक्केचाळीस सह्या गोळा केल्या, आणि पंधरा दिवसांनी महापालिकेच्या कनिष्ठ अभियंता जाधवर मॅडम स्कूटरवरून आल्या. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, हातात वही. तीन दिवस त्या माझ्या व्हरांड्यात बसून गाड्या मोजत होत्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. पलीकडून तोडकर ओरडून सांगायचे, "मॅडम, ती लाल रिक्षा मोजली का? दिवसातनं नववी खेप हाय तिची!"

तिसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्यावर फक्कीने एक पट्टा आखला. माझ्या फाटकापासून तोडकरांच्या फाटकापर्यंत.

"हीच जागा बरोबर आहे," त्या मला म्हणाल्या. "वरच्या बाजूला कोपरा जवळ येतो, खाली गटाराची झाकणं आहेत. पण दोन्ही बाजूच्या घरांची हरकत नको. उद्या तक्रार आली तर उखडायलाही आम्हीच येणार."

"आणि हरकत आली तर?"

"तर मंगल कार्यालयाच्या भिंतीपाशी. तिथे कोणी राहत नाही." त्यांनी वही मिटली. "तिथे कोणी रस्ताही ओलांडत नाही, ते सोडा. काका, आधीच सांगते, आवाज होईल हं. ब्रेक, गिअर, हॉर्न. तुमची वाचायची खोली अगदी पुढे आहे."

"हो," मी म्हणालो.

सभा रविवारी सकाळी समाजमंदिरात झाली. तोडकर दोनशे पावलांसाठी रिक्षा करून आले. शर्टाला बिल्ला लावला होता. ते पुढच्या रांगेत बसले, मी मागे, खिडकीपाशी.

"ब्रेकर पाहिजेच," पाटणकर काकू म्हणाल्या. "नातीला शाळेत सोडायचं म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. पण आमच्या दारात नको. आमच्या ह्यांना मणक्याचा त्रास आहे."

"काकू, ब्रेकर रस्त्यावर बसवणार आहेत, काकांच्या पाठीवर नाही," मागून कोणी तरी म्हणालं. सगळे हसले.

"हसा. तुमच्या दारात बसवा मग."

"आमच्या दारात गटार आहे हो. नाही तर बसवला असता."

"शांतता," निकम म्हणाले. "मॅडम, तुम्ही घर क्रमांक विचारा. ज्यांच्या दारात आहे त्यांनीच बोलायचं."

जाधवर मॅडमच्या शेजारी त्यांच्या कार्यालयातले एक गृहस्थ लिहून घ्यायला बसले होते.

"घर क्रमांक नऊ, तोडकर?"

"मॅडम, दारात कशाला, उंबऱ्यात घाला. एकतीस वर्षं मी ब्रेकरवर गाडी हळू घेतली. आता ब्रेकरनं मला हळू न्यावं पलीकडं."

पुन्हा हशा झाला. तोडकर मागे वळून मला शोधत होते.

"घर क्रमांक चौदा, उपासनी?"

मी उभा राहिलो. सकाळी अंघोळीच्या वेळी मी वाक्य पाठ केलं होतं: घर क्रमांक चौदाची या कामास कोणतीही हरकत नाही. पण सगळ्यांनी माना वळवल्या तसं वाक्याचं पुढचं टोक हरवलं. "हरकत..." मी म्हणालो, आणि त्याच वेळी खिडकीबाहेरून एक टेम्पो गेला, तो गाणं वाजवणारा हॉर्न दाबत. मी पुढे काही बोललो असेन. ओठ हलल्याचं आठवतं. गृहस्थांनी काही तरी लिहिलं, मॅडमनी पुढचा क्रमांक विचारला, आणि मी खाली बसलो. पुढच्या रांगेतून तोडकरांनी डावा हात वर करून अंगठा दाखवला. झटक्यापासून त्यांना उजव्या कानानेही कमी ऐकू यायचं.

पुढच्या शुक्रवारी निकम घरी आले. चार वाजून गेले होते. मी वाचत होतो. त्या आठवड्यात माझं एक जाडजूड पुस्तक भराभर पुढे चाललं होतं.

"सभेचं इतिवृत्त आलंय," ते म्हणाले. "उद्या परत पाठवायचंय. तुम्ही एकदा नजर फिरवा. तुमच्या नजरेखालून गेलं की चूक राहायची सोयच नाही."

ते समोर बसून पाणी पीत होते तोवर मी तीन पानं तपासली. अकरा चुका काढल्या. बहुतेक वेलांट्यांच्या. निकम खूश होऊन गेले.

महिन्याभराने समाजमंदिराच्या फळ्यावर कागद लागला. गतिरोधक मंगल कार्यालयाच्या भिंतीपाशी मंजूर. खाली घरांची यादी होती. घर क्र. ९ : हरकत नाही. घर क्र. १४ : हरकत. दुरुस्ती असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

मी फळ्यासमोर उभा असताना पाटणकर काकू मागून आल्या.

"बरं केलंत स्पष्ट सांगितलंत," त्या हळूच म्हणाल्या. "लोकांना वाटतं आपल्यालाच त्रास नको असतो. अहो, प्रत्येकालाच नको असतो."

"टायपिंगची चूक झालीय का हो?" वैजूने संध्याकाळी फाटकाशी येऊन विचारलं.

"मी... मी बघतो," मी म्हणालो.

पंधरा दिवस होते. महापालिकेचं कार्यालय आमच्याकडून वीस मिनिटांच्या अंतरावर. मी दोनदा चप्पल घालून निघालो. एकदा नाक्यापर्यंत गेलो. तिथे जाऊन काय म्हणायचं याचं वाक्य तयार होईना. "मी म्हणालो होतो" म्हणायचं की "मला म्हणायचं होतं" म्हणायचं, यात मी अडकलो. सोळावा दिवस उजाडला.

मंगल कार्यालयापाशी ब्रेकर झाला. गाड्या तिथे हळू होत आणि तिथला वेळ भरून काढायला आमच्या घरांसमोर आणखी जोरात पळत.

तोडकर आता व्हरांड्यात बसायचे. चार वाजता मी माझ्या व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसायचो. मध्ये गाड्या. ते हात वर करायचे, मी करायचो. काही दिवसांनी मला वाटायला लागलं की ते माझ्याकडे नाही, माझ्या फाटकाकडे बघताहेत. मग मी खुर्ची आत घेतली.

त्यानंतर ते पत्र आलं. अक्षर डाव्या हाताचं होतं, पहिलीतल्या मुलासारखं.

"मास्तर, डाव्या हातानं लिहितो आहे, चूका काढु नका. सभेत मला निट ऐकू आलं नाई. तुम्ही हारकत म्हणालात का हारकत नाई म्हणालात. वैजू म्हणती टायपींगची चूक. पण निकम म्हणाले कागद तुमच्या नजरेखालून गेला होता. तुमच्या नजरेतून चूक सुटत नाई हे मला ठाऊक. म्हणून विचारतो. हारकत असली तरी माझी काय हारकत नाई. आवाजाचा त्रास होतोच. फक्त एकदा सांगा. म्हणजे मी चार वाजता तुमच्या फाटकाकडं बघायचं बंद करीन. तुमचा, य. तोडकर."

ते पत्र वाचून मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मी लाल पेन्सिल घेतली. हात सवयीने चालला. "चूका"चा ऊकार, "काढु"चा उकार, "निट"ची आणि "टायपींग"ची वेलांटी, चार "नाई", आणि "हारकत"चा काना चार ठिकाणी. शेवटच्या ओळीपर्यंत आल्यावर मला कळलं मी काय करतो आहे. मी पत्र घडी करून शब्दकोशात ठेवलं.

उत्तराचे कच्चे खर्डे मी बरेच लिहिले. प्रत्येकात शब्द बरोबर होते.

दिवाळीनंतर वैजूची बदली चिपळूणला झाली. सामानाचा टेम्पो आधी गेला. दुपारी ती तोडकरांना घेऊन मोटारीत बसली, आणि मोटार वळून माझ्या फाटकापाशी थांबली. मागे लगेच हॉर्नची रांग सुरू झाली. वैजूने उतरून एक चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"काका, चिपळूणचा पत्ता. बाबा फोन उचलत नाहीत. पत्र वाचतात."

तोडकरांनी काच खाली केली. मागून कोणी तरी ओरडत होतं, "ओ मावशी, रस्ता काय बापाचा आहे का?"

"माझ्या बापाचाच आहे," वैजू वळून म्हणाली. "जरा थांबा."

तोडकर माझ्याकडे बघत होते. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. मी बोलणार होतो. ते तयार होते, मान पुढे करून, चांगला कान माझ्याकडे करून.

"जपून जा," मी म्हणालो.

"मास्तर," ते म्हणाले, "आज तरी हात वर करा. निरोपच आहे."

मी हात वर केला. खांद्यापर्यंत.

पुढची काही वर्षं दिवाळीला वैजूचं शुभेच्छापत्र यायचं. बाबा बरे आहेत, तुमची आठवण काढतात. गेली दोन वर्षं तेही आलेलं नाही. मी विचारलं नाही. विचारायचं तर आधीचं उत्तर देणं भाग होतं.

नऊ नंबरमध्ये आता एक तरुण जोडपं राहतं. भलं आहे. त्यांची आणि माझी ओळख नाही. पाटणकर काकू गेल्या, निकम मुलाकडे गेले. उड्डाणपूल केव्हाच झाला, पण सापडलेला रस्ता लोक सोडत नाहीत. चार वाजता मी वाचत असतो. कोणी व्यत्यय आणत नाही. ते जाडजूड पुस्तक मी त्यानंतर कधी पुरं केलं नाही.

या महिन्यात महापालिकेने पुन्हा आमचा रस्ता हाती घेतला आहे. एक ब्रेकर नाही, सगळा रस्ताच मंद करायचा. दोन्ही तोंडं अरुंद, मध्ये माणसांना ओलांडायला फूटपाथच्या उंचीचा पट्टा. आधी पिंपं ठेवून आणि रंग मारून करून बघतात आणि लोकांना विचारतात. नऊ नंबरच्या मुलीने पुढाकार घेतला आहे, तिला लहान मूल आहे. गेल्या रविवारी समाजमंदिरात टेबल मांडून ती फॉर्म भरून घेत होती. नकाशात तो पट्टा माझ्या फाटकापासून तिच्या फाटकापर्यंत होता.

"आजोबा, तुमची हरकत आहे का?"

"हरकत नाही," मी म्हणालो.

ती दचकली. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अहो आजोबा, ऐकू आलं," ती हसून म्हणाली. "एवढ्या मोठ्यानं कशाला?"

मी फॉर्मवरही लिहिलं. दोन्ही शब्द लिहिले आहेत ना, ते पुन्हा वाचून बघितलं.

घरी आलो आणि शब्दकोश उघडला. पत्र तिथेच होतं, लाल खुणांसकट. मी कागद घेतला. यावेळी खर्डा केला नाही.

"प्रिय तोडकर,

तुम्ही एकच विचारलं होतं. सभेत मी काय म्हणालो ते मला खरंच माहीत नाही. पण ते महत्त्वाचं नाही. इतिवृत्त माझ्या हातात आलं होतं. तिसऱ्या पानावर खालून पाचव्या ओळीत 'घर क्र. १४ : हरकत' असं होतं. पुढचा शब्द राहिला होता. शब्द राहिला की आम्ही ओळीखाली एक खूण करतो आणि समासात तो शब्द लिहितो. मी खूण केली. शब्द लिहिला नाही. मग खूण खोडली. निकम समोर पाणी पीत होते.

चूक माझ्या नजरेतून सुटली नव्हती.

आवाजाचं कारण नव्हतं. तुम्ही महिनाभर आला नव्हता आणि माझं पुस्तक पुढे चाललं होतं. तुम्ही यावं असं मला वाटायचं, आणि चारला कडी वाजली की पुस्तक मिटावं लागतं म्हणून वाईटही वाटायचं. मला वाटलं, थोडे दिवस असंच राहू दे. थोडेच दिवस. रस्ता मला ओलांडता येत होता, तरी मी आलो नाही. तेही त्यात आलंच.

हरकत होती, तोडकर. तुमच्या पत्रात चुका नव्हत्या.

मी चार वाजता फाटकाकडे बघतो.

तुमचा,
उपासनी"

पुन्हा वाचलं तर पाठवणार नाही हे माहीत होतं, म्हणून लगेच पाकीट बंद केलं. चिठ्ठीवरचा पत्ता उतरवला. घ्यायला तिथे कोणी आहे का, हे मला माहीत नाही. नसेल तर वैजू वाचेल. तिलाही कळायला हवं.

पोस्टाचा डबा नऊ नंबरच्या बाजूला, कोपऱ्यावर आहे. म्हणून तर तोडकर तिथवर जाऊ शकले होते, वॉकर ढकलत, त्यांच्याच बाजूने.

मी फाटकाबाहेर आलो. चार वाजायला आले होते. रंगाचे पट्टे मारले आहेत, पण पिंपं अजून यायची आहेत. गाड्या पूर्वीसारख्याच. मी आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, गुडघे धरतात. थोडा वेळ कडेला उभा राहिलो. कोणी थांबेना. मग मी हात वर केला. खांद्यापर्यंत गेला. तिथून आणखी वर केला, सरळ, कोपर ताठ होईपर्यंत, दुखेपर्यंत.

एक टेम्पो कचकन थांबला. त्याच्या मागे रिक्षा थांबली, रिक्षाच्या मागे आणखी काही. हॉर्न वाजायला लागले.

"जावा आजोबा," टेम्पोवाला म्हणाला. "सावकाश जावा."

मी हात तसाच धरून निघालो. पावलं मोजली. मला एकतीस लागली.

पाकीट डब्यात टाकलं. आत पडल्याचा आवाज गाड्यांमुळे ऐकू आला नाही. मी बोटांनी डब्यावर दोनदा वाजवलं.